घराला आलेला ताप

फलटणच्या जोतीराम ननावऱ्यांनी चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरसमोर काढली, आणि त्या चौतीस वर्षांत ‘लय उकडतंय बगा’ हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नाही. उकाडा ही त्यांच्या मते कारकुनांची तक्रार होती. बॉयलरवरच्या माणसानं उष्णता मोजायची असते, तिच्याबद्दल कुरकुरायचं नसतं. दर तासाला काट्याकडं बघायचं, लॉगबुकात आकडा लिहायचा, सही ठोकायची आणि घाम पुसायचा. एवढं ज्याला जमलं त्याला जगात काही अवघड नाही, असं ते सांगत. ऐकायला कुणी असलं की सांगत. हल्ली फारसं कुणी नसायचं.

अशा माणसाचा गेल्या मे महिन्यात एका आठ वर्षांच्या पोरीनं अपमान केला. पोरगी म्हणजे त्यांची नात सृष्टी. मुलगा विश्वजित, सून संयोगिता आणि सृष्टी असे तिघं पुण्याहून आठ दिवस राहायला आले होते. जोतीरामनी आठ दिवसांच्या हिशेबानं आंबे आणून माडीखालच्या खोलीत पेंढ्यात घातले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी माडीवर सृष्टीनं भिंतीला हात लावून बघितला आणि डॉक्टरणीच्या गंभीरपणानं जाहीर केलं, “आजोबा, तुमच्या घराला ताप आलाय.” तिच्या पाठीवर घामोळ्यांची रांगोळी उठली होती. संध्याकाळी विश्वजितनं गाडी काढली. “आण्णा, पोरीला सोसत नाहीये. पुढच्या वर्षी बघू,” म्हणाला. अर्धे आंबे मागच्या सीटवर गेले. उरलेले जोतीरामनी एकट्यानं खाल्ले, आणि चार माणसांचे आंबे एकट्यानं खायला लागले की आंब्याचाही कंटाळा येतो, हे त्यांना वयाच्या पासष्टाव्या वर्षी समजलं.

त्यांची बायको शालूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. ती असती तर म्हणाली असती, “पोरीला न्हानीत बसवा पाण्यात, गप ऱ्हाईल.” पण ती नव्हती, आणि जोतीरामना असल्या युक्त्या सुचत नसत. त्यांना यंत्रणा सुचायच्या. पुढच्या मे महिन्यापर्यंत घराचा ताप उतरवायचा आणि सृष्टीला आठच्या आठ दिवस ठेवून घ्यायचं, असा त्यांनी निश्चय केला.

विश्वजित फोनवर म्हणाला, “एसी बसवून देतो की आण्णा.” जोतीरामना ते लागलं. ज्यानं एवढा अवाढव्य बॉयलर हाताखाली वागवला, त्यानं भिंतीवरच्या खोक्यापुढं हात जोडायचे? शिवाय मुद्दा शास्त्राचा होता. उष्णता येते वरून, स्लॅबमधून. ती आत येऊ द्यायची आणि मग वीज जाळून बाहेर हाकलायची, म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतत बसायचं. भोक बुजवा की लेको! हे सगळं त्यांनी मुलाला सविस्तर समजावलं. पलीकडून “हं, हं” येत राहिलं, आणि मग विश्वजितची मीटिंग सुरू झाली.

निवृत्त होताना जोतीरामनी कारखान्यातून एक कोरं लॉगबुक आणलं होतं. मागून आणलं होतं, उचलून नव्हे. हे ते मुद्दाम सांगत. फेब्रुवारीपासून त्यांनी माडीवरच्या खोलीचं तापमान त्यात लिहायला घेतलं. रोज दुपारी तीनला. रकाने कारखान्याचेच होते: वेळ, तापमान, दाब, हजर, शेरा, सही. दाबाच्या रकान्यात ते आडवी रेघ मारत. ‘हजर’ म्हणजे त्या पाळीला किती माणसं कामावर आहेत तो आकडा. रिकामा रकाना सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं, म्हणून तिथं ते लिहीत ‘१’. मग पानाचा फोटो काढून विश्वजितला पाठवत. विश्वजित उलट एक पिवळा अंगठा पाठवी.

आता गच्चीविषयी सांगितलं पाहिजे, कारण सगळं रामायण तिथंच घडलं. ननावऱ्यांची गच्ची गल्लीत सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत तापणारी. ना झाडाची सावली, ना शेजारच्या घराची. त्यामुळं शालूबाईच्या काळापासून मार्च लागला की गल्लीतल्या बायका वाळवणाला तिथंच यायच्या. कुरडया, सांडगे, शेवया, मिरच्या, हळद, सगळं तिथंच वाळायचं. शालूबाई आपल्या जुन्या साड्या अंथरून द्यायची, आणि जिचं वाळवण असेल ती उतरताना मूठभर माल ठेवून जायची. त्याला ‘गच्चीचा वाटा’ म्हणत. शालूबाई गेल्यावरही बायका येत राहिल्या. फरक एवढाच झाला, की कावळे हाकलायचं काम जोतीरामवर आलं. हातात वेळूची काठी घेऊन ते जिन्याच्या सावलीत बसत आणि “हाड, हाड” करत. बॉयलरवरचा फर्स्ट क्लास माणूस आणि कुरडयांचा राखणदार! हा अपमान त्यांनी तीन उन्हाळे गिळला होता. खालून समोरच्या जैनबभाभी चहा पाठवायच्या, तो मात्र ते दोनदा घेत.

पहिला सल्ला नानासोंनी दिला. नानासो म्हणजे पलीकडच्या घरातले निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना न विचारता सल्ला देता यायचा, आणि विचारून दिलेला सल्ला ते मानहानी समजत. “गड्या, मडकी पालथी घाल,” ते म्हणाले. “गच्चीभर मडकी पालथी घालायची अन् वर माती पसरायची. आत हवा कोंडती. ती ऊन खाली येऊच देत न्हाई. आमच्या शाळंच्या पुस्तकात व्हतं.”

जोतीराम कुंभारवाड्यात गेले आणि त्यांनी चाळीस मडकी मागितली. कुंभार हातातलं काम टाकून उठला. आपल्याकडं माणूस एक मडकं मागतो तेव्हाही दुकानदार जरा आवाज खाली आणतो. चाळीस ऐकून तो बिचारा पांढराच पडला. “गाडी पडली का कुटं घाटात?” त्यानं हळूच विचारलं. जोतीरामनी उष्णतावहनाचा सिद्धान्त सांगितला. तो कुंभाराला कितपत कळला ठाऊक नाही, पण टेम्पोतून मडकी गल्लीत शिरली तशी संध्याकाळपर्यंत दोन माणसं डोक्याला पंचा गुंडाळून जोतीरामच्या दारात येऊन गप उभी राहिली. त्यातला एक तर शालूबाईचा चुलतभाऊ, थेट रहिमतपूरहून आलेला. “काय नाय, गच्ची गार करतोय,” असं सांगितल्यावर तो चिडला. पण तो जेवून गेला, आणि त्या दिवशी लॉगबुकात ‘हजर’खाली २ लिहायला मिळाले, म्हणून जोतीरामनी मनाला लावून घेतलं नाही.

माती पसरायच्या आतच चौथ्या दिवशी वावटळ आली. चाळीस मडक्यांतली एकतीस गच्चीवर गडगडत फिरली आणि फुटली. खापऱ्या गोळा केल्या, गच्ची धुतली, आणि धुतलेलं पाणी माडीच्या छतातून थेंब थेंब पलंगावर पडायला लागलं. स्लॅबला भेगा होत्या. आधी बहुधा वर्षानुवर्षांच्या सांडग्यांच्या पिठानं त्या बुजलेल्या असाव्यात.

मग अजमल आला. अजमल म्हणजे जैनबभाभींचा नवरा, गल्लीतला जुना पेंटर. त्यानं भेगा खरवडल्या, भरल्या, आणि सांगितलं, “जोतीदादा, आता पांढरा हात मारा. उन्हाला माघारी धाडणारं कोटिंग मिळतंय. तीन हात मारायचे. पंख्याचं वारं बी गार लागतंय मग.” ही गोष्ट जोतीरामना एकदम पटली. ऊन आत येऊच द्यायचं नाही, दारातूनच परत पाठवायचं. भोक बुजवणं ते हेच. फक्त अट एकच होती. डब्यावर लिहिलं होतं, शेवटच्या हातानंतर सात दिवस गच्चीवर पाऊल ठेवू नये.

गच्ची मोकळी केली. जुना पलंग, पाट, सोऱ्या, काठी सगळं खाली आलं. जिन्यातल्या पेटीत शालूबाईच्या सहा जुन्या साड्या होत्या, वाळवणाखाली अंथरायच्या. हिरवी, मोतिया, एक जांभळी इरकल. सगळ्यांवर पिठाचे आणि मिरच्यांचे डाग. जोतीरामनी त्या झटकल्या आणि कपाटात टाकल्या. झटकताना जिन्यात सगळी हळद उडाली आणि त्यांना शिंक आली. शालूबाई जिवंत असताना त्यांच्या शिंकेला ती ‘सत्य’ म्हणायची. आता शिंक आली आणि तशीच गेली.

अजमलनं पहिला हात मारला, दुसरा मारला, तिसरा मारला. गच्ची दुधासारखी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी जोतीराम जिन्याच्या दारातून बघतात तो दुधात तिळासारखे काळे ठिपके. हजारो. ती काजळी होती. कारखान्याच्या धुराड्यातून सीझनभर उडणारी, ओल्या कोटिंगवर पडून कायमची चिकटलेली काजळी.

जोतीराम तडक कारखान्यावर गेले. गेटवरच्या माणसानं त्यांना ओळखलं नाही. चौतीस वर्षं ज्या गेटमधून सायकल न थांबवता आत गेले, तिथं त्यांनी नाव, गाव, काम, कुणाला भेटायचं, असं सगळं वहीत लिहिलं. आत साईराज नावाचा नवा अधिकारी होता. पोरगा गोड बोलणारा. “काका, तक्रारीची वेगळी फाईल आहे आपल्याकडं,” म्हणाला, आणि त्यानं जाडजूड फाईल काढली. “बघा, ह्याला ठरलेलं उत्तर आहे. बॉयलर विभागाच्या अभिप्रायानुसार, सदर काजळी उसाच्या भुश्शाची असल्याने पूर्णतः निरुपद्रवी असून परसबागेस उपयुक्त आहे. तक्रारदारांनी तिचा लाभ घ्यावा.”

जोतीरामनी फाईल आपल्याकडं वळवून घेतली. हा अभिप्राय त्यांनीच लिहिला होता. खाली सही होती ‘जो. ननावरे’, आणि त्या सहीला त्या वेळी जरा ऐट होती. त्याची एक नक्कल सही घेऊन त्यांच्याच हातात देण्यात आली.

उठताना त्यांनी विचारलं, “बॉयलर जरा बगून येऊ का? लांबनं.”

“गेटपास लागतो काका आत जायला. आणि परवा बंदच होतोय, सीझन संपला की.”

परत येताना ते बराच वेळ बसस्टॉपवर बसले होते. फलटणच्या दोन गाड्या त्यांनी सोडल्या. घरी जाऊन करायचं तरी काय होतं, तीनच्या नोंदीला अजून वेळ होता.

बॉयलर बंद झाल्यावर अजमलनं चौथा हात मारला. यावेळी जोतीरामनी जिन्याच्या लोखंडी जाळीला कुलूप लावलं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला जाळीवर खडखड झाली.

जैनबभाभी उभ्या होत्या. हातात फडक्यात धरलेलं वाफाळतं पातेलं, मागं सोऱ्या आणि पाट घेऊन गल्लीतल्या तीन बायका. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक शिजवून तयार होता.

“भाऊजी, उघडा लवकर. चीक गरम हाय तवर घालाय पायजेत.”

“भाभी, सात दिवस पाय ठिवायचा न्हाई वर. डब्यावर लिवलंय.”

“डब्यावर आमचं बी नाव लिवलंय का?”

“कोटिंग हाय. टाचंचा ठसा उमटतोय.”

“आवं, हे पातेलं आता कुटं नेऊ मी? घटकाभरात दगड हुईल ह्येचा.”

जोतीरामना खरं तर त्या क्षणी किल्ली काढायची होती. किल्ली बनियनच्या आत जानव्यासारखी दोऱ्यात अडकवलेली होती. पण डोळ्यांपुढं सृष्टीची घामोळी आली, आणि डब्यावरचा ठळक अक्षरांतला ‘नये’ आला. तत्त्वाचा माणूस चुकतो तेव्हा तोही तत्त्वानंच चुकतो. “सात दिवसांनी या,” ते म्हणाले. बायका एकमेकींकडं बघत उतरल्या. जैनबभाभी काहीच बोलल्या नाहीत, हे वाईट लक्षण होतं. भांडणाऱ्या बाईशी निदान दुसऱ्या दिवशी बोलता येतं.

सात दिवस संपले. कोटिंग वाळलं. पण आता जोतीरामना वाटायला लागलं, की सृष्टी येईपर्यंत गच्ची अशीच राहावी. कुणी मिरच्या सांडल्या, कुणी पीठ सांडलं, की ऊन माघारी जाणार नाही. नोंदी तर फारच चांगल्या होत्या. बाहेर एक्केचाळीस असताना माडीवर साडेचौतीस! कोटिंगच्या आधी बाहेर कमी ऊन असतानाही साडेएकोणचाळीसची नोंद होती. ते कुलूप तसंच राहिलं. बायकांनीही पुन्हा जाळी वाजवली नाही.

कारण बायकांनी दुसरी गच्ची बघितली होती, आणि ती नानासोंची होती. जोतीरामच्या खिडकीतून ती अगदी समोर दिसायची. सकाळी तिथं कुरडयांचे गोल पडायचे, बायकांचं हसणं ऐकू यायचं, आणि जिन्याच्या सावलीत नानासो वेळूची काठी घेऊन बसलेले असायचे. त्यांना कावळे नीट हाकलता येत नव्हते. ते कावळ्याला “शूः, शूः” करत, जणू वर्गात पोरं बोलताहेत. जोतीरामच्या हाताला अक्षरशः खाज सुटायची. मधेच खालून चहा येई, आणि नानासो तो एकदाच घेत. त्याचं तर जोतीरामना फारच वाईट वाटलं.

एके दिवशी नानासो डोळ्यांवर काळा गॉगल चढवून भांडायला आले. “जोतीराम, तुझी गच्ची माझ्या डोळ्यांत घुसतीया गड्या. तू ऊन माघारी धाडलंस खरं, पर त्ये सूर्याकडं कुटं जातंय? माझ्या बैठकीत येतंय! खिडकीत बसून पेपर वाचता येत न्हाई.”

“पडदा लावा.”

“लावला. वाळ्याचा लावला. जैनबची शेळी खाऊन गेली त्यो.”

एरवी जोतीराम खो खो हसले असते. पण ते म्हणाले, “आत या की. गार हाय. चहा टाकतो.” नानासोंना तेवढं बसायला वेळ नव्हता. कुरडया काढायच्या होत्या.

असा एप्रिल गेला. घर गार होत गेलं तसं ते अधिकच मोठं वाटायला लागलं. दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान, पंखा एकवर असताना, त्यात नुसता घड्याळाचा आवाज होता. जोतीराम त्या आवाजाची वाट बघत आणि तीन वाजले की लिहीत: साडेचौतीस, चौतीस, साडेचौतीस. हजर १, हजर १, हजर १. शेऱ्यात एकदा त्यांनी ‘समाधानकारक’ असं लिहिलं, आणि मग का कुणास ठाऊक, खोडलं. खाडाखोडीवर आडवी सही केली, नियमाप्रमाणं.

एक मेला विश्वजितचा फोन आला. “आण्णा, ह्या वेळी जमत नाहीये बहुतेक. सृष्टीचा पोहण्याचा कॅम्प लागलाय, संयोगिताला रजा नाही. आणि आम्ही ह्या वर्षी एसी घेतला, ती त्यातून हलतच नाही बघा. तुम्हीच या ना इकडं, चार दिवस.”

“आरं पर साडेचौतीस हाय,” जोतीराम म्हणाले.

“काय?”

“तापमान. माडीवरचं. आता घामोळं यायचं न्हाई तिला.”

“हो हो, बघतो ना मी रोज तुमचे फोटो. एकदम भारी केलंय आण्णा तुम्ही.”

फोन ठेवल्यावर ते माडीवर गेले. भिंतीला हात लावला. भिंत अगदी गार होती. खरंच गार होती. त्यांनी शास्त्राप्रमाणं सगळं केलं होतं, भोक बुजवलं होतं, आणि आत राखायला काहीच उरलं नव्हतं. पासष्ट वर्षांचा माणूस भिंतीला हात लावून उभा राहिला आणि त्याला रडू आलं. इथं शास्त्राचा काही संबंध नव्हता. मग तीन वाजले, म्हणून त्यांनी नोंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गळ्यातल्या किल्लीनं जाळी उघडली. कपाटातून शालूबाईच्या साड्या काढल्या. पांढऱ्या गच्चीवर एक एक करून सहाही अंथरल्या, उरलेल्या नऊ मडक्यांतली काही आणि काही विटा कोपऱ्यांवर ठेवल्या. हिरवी, मोतिया, जांभळी इरकल. मग काठी घेऊन जिन्याच्या सावलीत बसले. साड्यांवर काहीच नव्हतं. एक कावळा आला, इरकलीच्या काठावर बसला. जोतीराम उठून ओरडले, “हाड! हाड!” आवाज चांगला खणखणीत लागला. समोरच्या गच्चीवर सगळ्यांच्या माना वळल्या.

अर्ध्या तासानं जिन्यात पायांचा आवाज झाला. जैनबभाभी होत्या, डोक्यावर मिरच्यांची पाटी. चपला नेहमीप्रमाणं जिन्यात काढल्या, गच्चीवर पाऊल टाकलं, आणि सवयीनं नाचत नाचत दोन उड्या मारल्या, तापल्या गच्चीवर मारायच्या तशा. मग थांबल्या. खाली बघितलं. दुसरा पाय टेकवला.

“अगं बया,” त्या म्हणाल्या, “भाजत न्हाई की वो!”

“साडेतेरा अंशांचा फरक पडतोय वरच्या थराला,” जोतीराम म्हणाले. तो आकडा त्यांनी आत्ताच तयार केला होता. चौतीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच खोटी नोंद केली.

जैनबभाभींनी कठड्यावरून हाक मारली. तिघी आल्या, प्रत्येक जण पाऊल टेकवून बघत. इतकी वर्षं त्या वाळवण घालायच्या आणि तळपाय भाजतात म्हणून धावत खाली पळायच्या. आज घालून झालं तरी त्या तिथंच बसल्या, जिन्याच्या सावलीत, पाय पसरून. मिरच्या जांभळ्या इरकलीवर पसरल्या. जैनबभाभी काठ चिमटीत धरून म्हणाल्या, “ही वहिनींनी आमच्या लग्नात हळदीला नेसली व्हती. मग फाटली म्हणून हितं आली.” कुणी चहा करून आणला. थोड्या वेळानं नानासो गॉगल लावून आले, कुरडयांचे ग्राहक पळवल्याबद्दल निषेध नोंदवायला. त्यांना जागा करून देण्यात आली. तेही बसले.

“भाऊजी,” जैनबभाभी उतरताना म्हणाल्या, “माझा त्या दिवशीचा चीक गेला वाया. दगड झाला खरंच.”

“चुकलो भाभी.”

“व्हय. चुकलासाच.” आणि त्यांनी मूठभर वाळल्या कुरडया जिन्याच्या कोनाड्यात ठेवल्या, नानासोंच्या गच्चीवर वाळलेल्या, पण वाटा म्हणून.

जोतीराम खाली आले तेव्हा चार वाजून गेले होते. तीनची नोंद चुकली होती. त्यांनी लॉगबुक उघडलं, तापमानाच्या रकान्यात आडवी रेघ मारली, आणि ‘हजर’खाली बोटांवर मोजून ६ लिहिलं. सवयीनं फोटो काढून पाठवला. लगेच पिवळा अंगठा आला. मग दहा मिनिटांनी फोन वाजला. सृष्टी होती.

“आजोबा, आज तापमान नाही लिहिलं तुम्ही.”

“विसरलो बाळा.”

“आणि हजर सहा? कोण आलंय तुमच्याकडे?”

“गल्लीतली माणसं. मिरच्या घालाय आलती.”

“मग बाकीच्या सगळ्या दिवशी एक का लिहिलंय? पप्पांच्या मोबाईलमध्ये सगळी पानं आहेत. एक, एक, एक, एक. फेब्रुवारीपासून. एकदाच फक्त दोन आहे.”

जोतीरामनी लॉगबुक मिटलं. “त्ये बॉयलरचं असतंय,” ते म्हणाले. “जुनी पद्धत हाय. रकाना मोकळा सोडायचा नसतोय.”

मग फोनपासून तोंड वळवून तिनं मोठ्यानं सांगितलेलं त्यांना ऐकू आलं, “पप्पा, आजोबांच्या घरात रोज एकच माणूस असतं. त्यांनी लिहून ठेवलंय.”

फोन कुणाच्या तरी हातात गेला. विश्वजित असावा. बराच वेळ नुसता त्यांच्या एसीचा घूंऽऽ असा आवाज येत राहिला.

“आरं, बोल की,” जोतीराम म्हणाले. पोराला काहीतरी सांगितलं पाहिजे असं त्यांना वाटलं, म्हणून ते खिडकीशी गेले आणि भिंतीला हात लावून बघितला.

“घराचा ताप उतरलाय रं,” ते म्हणाले. “तू नगं काळजी करू.”